गौरव गाण्याचा, उपेक्षा वस्तीची



एखाद्या कलाकृतीचा प्रभाव मोजण्याचे बाजाराचे माप एक असते आणि समाजाचे दुसरे. १९ एप्रिल १९९४ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'इल्मॅटिक' ही हिप-हॉप संगीताची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. नासिर जोन्स ऊर्फ 'नाझ' या कृष्णवर्णीय कवी-गायकाची ती पहिलीच ध्वनिमुद्रिका. त्याचे वय तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते आणि शाळा त्याने आठवीनंतरच सोडलेली होती. पहिल्या आठवड्यात सुमारे ५९ हजार प्रती खपल्या. दहा लाख प्रतींचे प्रमाणपत्र मिळण्यास २००१ साल उजाडावे लागले. बाजाराच्या मापाने हा आरंभ काही विक्रमी नव्हे. तरीही तीन दशकांनंतर रॅपचा विचार या चाळीसेक मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेला वगळून करता येत नाही. असे का व्हावे, याचे उत्तर केवळ संगीतशास्त्रात सापडणार नाही.

१९७३ या सालाकडे पाहिले पाहिजे. त्या वर्षीच्या मे महिन्यात न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी अमली पदार्थांविषयीचे कठोर कायदे संमत करून घेतले. दोन औंस माल विकणाऱ्यास किमान पंधरा वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा त्यांत होती. ११ ऑगस्टला ब्राँक्स भागातील एका इमारतीत डीजे कूल हर्क याने बहिणीच्या पुढाकाराने योजलेल्या मेजवानीत तबकड्या वाजविल्या. हिप-हॉपचा जन्म त्या रात्री झाला असे मानले जाते. आणि १४ सप्टेंबरला नासिर जोन्सचा जन्म झाला. तुरुंगाची वाट रुंद करणारा कायदा, गरिबांच्या पोरांनी उभी केलेली कला आणि त्या दोहोंच्या छायेत वाढणारे मूल यांचा आरंभ असा एकाच वर्षी व्हावा, हा योगायोग खरा. परंतु पुढील वीस वर्षांत त्यांची गाठ पडली ती योगायोगाने नव्हे.

ती पडली क्वीन्सब्रिज वसाहतीत. मंदीच्या काळात रूझवेल्ट यांच्या राजवटीने सार्वजनिक गृहबांधणीचे जे धोरण स्वीकारले, त्यातून १९३९ साली ही वसाहत उभी राहिली. तीन हजारांहून अधिक बिऱ्हाडांची ही उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठी सार्वजनिक गृहवसाहत होय. कष्टकऱ्याला राहण्याजोगे घर देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, हा विचार तिच्या विटाविटांत होता. पुढे शहरातील कारखाने गेले, १९७५ साली महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली, सार्वजनिक खर्चाला कात्री लागली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यास क्रॅक कोकेन वस्तीत शिरले. शासनाने घरे बांधताना दाखविलेली दूरदृष्टी ती राखताना दाखविली नाही. मात्र शिक्षेच्या बाबतीत ते तत्पर राहिले. १९८६ च्या संघराज्य कायद्याने गरिबांच्या वस्तीत विकल्या जाणाऱ्या पाच ग्रॅम क्रॅकला जी पाच वर्षांची किमान शिक्षा ठरविली, तीच शिक्षा भुकटीच्या स्वरूपातील कोकेनला व्हावयास पाचशे ग्रॅम लागत. एकाच विषाला शंभरपट अंतराचे दोन न्याय! २०१० साली हे प्रमाण कमी करून अठरास एक करण्यात आले. समान मात्र केले गेले नाही.

या परिस्थितीचे वर्णन समाजशास्त्रज्ञ करीतच होते. 'इल्मॅटिक'ने केले ते निराळे. तिने वस्तीला साक्षीदाराच्या जागी उभे केले. जिने, गच्च्या, बाके, मित्रांची टोपणनावे, गोळीबारानंतरची धावपळ हे सारे तपशील इतक्या नेमकेपणाने येतात की, ऐकणाऱ्याला त्या वस्तीचा नकाशा काढता यावा. 'वन लव्ह' हे गीत तर तुरुंगातील मित्रांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपात आहे. बाहेर काय चालले आहे याची खबर आत पोचविणारा हा पत्रलेखक अखेरीस बारा वर्षांच्या एका पोराशी बोलतो. आणि तुरुंगातील मित्रांची वाट याच मुलासमोर मोकळी पडलेली आहे, हे उमगून ऐकणारा हादरतो. ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावरही बालवयातील नाझचा चेहरा आणि त्यातून दिसणारी वस्तीच आहे.

रचनेच्या अंगानेही तिचा धडा मोठा आहे. एकाच संगीतकाराच्या हाती सारी सूत्रे देण्याच्या तत्कालीन प्रथेऐवजी डीजे प्रीमिअर, पीट रॉक, क्यू-टिप, लार्ज प्रोफेसर आणि एल. ई. एस. असे पाच जण तिच्या संगीतासाठी एकत्र आले. ही पद्धत पुढे रूढच झाली. अहमद जमाल यांच्यासारख्या जाझ वादकांच्या ध्वनिमुद्रणांतील तुकडे त्यांनी नव्या तालावर बसविले. नाझचे वडील ओलू डारा यांनी एका गीतात स्वतः कॉर्नेट वाजविला. बापाच्या पिढीचे संगीत मुलाच्या पिढीने टाकून दिले नाही, कामाला लावले.

गुन्हेगारीचे हे उदात्तीकरण आहे, असा आक्षेप घेतला जातो. पिस्तुलाची ऐट या गीतांत मुळीच नाही असे कोणी म्हणू नये. त्याहून गंभीर उणीव अशी की, या वस्तीत स्त्रीला जवळजवळ आवाजच नाही, एम. सी. लाइट हिची पहिली ध्वनिमुद्रिका १९८८ सालीच आली असताना ही उणीव काळाच्या माथी मारता येत नाही. पण साक्षीदार निर्दोष नाही म्हणून साक्ष खोटी ठरत नाही.

त्या साक्षीला सत्तेने दिलेले उत्तर मात्र नोंदवून ठेवण्यासारखे आहे. ध्वनिमुद्रिका निघाल्यावर पाच महिन्यांच्या आत, १३ सप्टेंबर १९९४ रोजी, अध्यक्ष क्लिंटन यांनी नव्या गुन्हेविषयक कायद्यावर स्वाक्षरी केली आणि तुरुंगांच्या बांधणीसाठी अब्जावधी डॉलरांची तरतूद झाली. त्याच वर्षाच्या मध्यास राज्यांच्या व संघराज्याच्या तुरुंगांतील कैद्यांची संख्या दहा लाखांवर गेली होती. गौरवाला मात्र उशीर लागला. २०१३ साली हार्वर्ड विद्यापीठात नासिर जोन्स यांच्या नावे अभ्यासवृत्ती सुरू झाली. २०२१ साली अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने 'इल्मॅटिक'ला राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत स्थान दिले. आणि २०२३ साली न्यूयॉर्कच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने आपल्या वसाहतींच्या दुरुस्तीस वीस वर्षांत सुमारे ७८ अब्ज डॉलर लागतील असा हिशेब मांडला. गाणे जतन झाले. ज्या भिंतींत ते जन्मले, त्या भिंतींची डागडुजी तुंबलेलीच राहिली.

हा प्रश्न महाराष्ट्रालाही परका नाही. धारावीतील रॅप गायकाची कथा सांगणाऱ्या 'गली बॉय' या २०१९ च्या चित्रपटाच्या निर्मितीशी नाझ यांचे नाव जोडलेले होते. मुंबईच्या डिव्हाइन आणि नेझी या गायकांबरोबर ते त्यातील एका गीतात गायलेही. न्यूयॉर्कच्या वस्तीने शिकविलेला धडा मुंबईच्या पोरांनी स्वतःच्या बोलीत गिरविला, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु ज्या धारावीचे गाणे साऱ्या देशाने डोक्यावर घेतले, तिच्याच पुनर्विकासाच्या योजनेत १ जानेवारी २००० नंतर आलेल्या रहिवाशांना धारावीबाहेर घरे देण्याची तरतूद आहे. गाणे शहराचे आणि गाणारा शहराच्या वेशीबाहेरचा, अशी ही वाटणी आहे.

म्हणून समाजवादी चळवळीने या कलेकडे तरुणांचा थिल्लर नाद म्हणून पाहण्याचे सोडून द्यावे. तीत वस्तीचा जबाब नोंदलेला असतो. आणि टाळ्या वाजविणाऱ्यांना एक प्रश्न विचारण्याचे काम चळवळीचे आहे: गीतातील बारा वर्षांच्या मुलाविषयी ज्यांचा कंठ दाटून येतो, ते त्याच्या घराचा, शाळेचा आणि रोजगाराचा ठराव सभागृहात येईल तेव्हा हात कोणत्या बाजूने वर करणार आहेत?