कोंडापूरचे रोमन नाणे

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमच्या प्लिनीने आंध्रांच्या राज्यात तटबंदीची तीस नगरे, एक लक्ष पायदळ, दोन हजार घोडदळ आणि एक हजार हत्ती असल्याची नोंद केली, आणि हैदराबादेतील गौलीगुड्यापासून वायव्येस, संगारेड्डीच्या पलीकडे, सुमारे ७० किलोमीटरांवर असलेले कोंडापूर हे त्या तीसांपैकीच एक असावे, असा कयास पुढे विद्वानांनी बांधला.

निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम यझदानी यांच्या काळात, १९४० पासून येथील टेकाड खणावयास घेतले, तेव्हा सातवाहनांची सुमारे दोन हजार नाणी, शुभ्र मातीच्या पोकळ मूर्ती, मणी आणि सम्राट ऑगस्टसचे एक सुवर्णनाणे हाती आले. या कामाचा वृत्तांत यझदानींनी पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

रोमन नाणे दिसले की रोमन शिपायांचा तळही येथे असावा, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु रोमन दुर्गाची खूण नाण्यांत नसून त्याच्या आखणीत असते. स्कॉटलंडमधील इंचटुथिल येथे इयान रिचमंड यांनी १९५२ ते १९६५ या काळात खणलेल्या छावणीत लाकूड केव्हाच कुजून गेले होते. तरीही मातीत उरलेल्या चरांवरून बराकी, कोठारे, इस्पितळ आणि कारखाना यांचा नकाशा सिद्ध झाला, आणि माघार घेताना शत्रूच्या हाती लोखंड लागू नये म्हणून पुरून ठेवलेले सुमारे पावणेनऊ लक्ष खिळेही सापडले.

कोंडापुरास अशी आखणी आढळली नाही. उत्खननाची नोंद ही फौजदारी पंचनाम्याप्रमाणे असते; मुद्देमाल कोठे व कशाच्या सोबतीने मिळाला, यावरच त्याची साक्ष ठरते, आणि येथे नाण्याच्या सोबतीला होत्या रोमन मुद्रांच्या मातीत उठविलेल्या प्रतिकृती, म्हणजे परक्या सम्राटाच्या मुखवट्याचे स्थानिक कारागिराने केलेले लटकन. ही साक्ष सैन्याची नव्हे, व्यापाराची व हौसेची आहे. मुलूख न जिंकताही एखाद्या सत्तेची मुद्रा किती दूरवर मान्य होते, एवढेच ती सांगते, आणि इतिहासकारानेही तिच्याकडून त्याहून अधिक वदवून घेऊ नये.