यंत्रमुनिमाची हातपोथी



आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. संकेतस्थळाचा मेनू, तो बदलण्याचे अवजार, आणि ते अवजार कसे चालवावे हे कृत्रिम बुद्धीच्या मुनिमाला सांगणारे टिपण! वसंत व्याख्यानमालेत याचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु अक्षरज्ञान आणि व्यवहारज्ञान यांतला फरक ज्या गावाने देशाला दाखविला, तेथे हा विषय परका ठरू नये.

माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ साली म्हसवड येथे उभी राहिली. त्यापूर्वीची हकीकत आपणांस ठाऊक आहेच. संस्थापक स्त्रियांपैकी अनेकींना लिहितावाचता येत नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेने परवान्याचा पहिला अर्ज नाकारला. भगिनी अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखविण्याची त्यांनी तयारी दर्शविली. अक्षर नव्हते तेव्हाही हिशेब होताच. आमच्या यंत्रमुनिमाची गत नेमकी उलटी आहे. त्याला अक्षर सारे येते; आपल्या घरची रीत मात्र ठाऊक नसते. ती कोणी तरी लिहून द्यावी लागते, आणि त्या लिहिण्यालाच आम्ही हातपोथी म्हणतो.

हा मुनीम काम कसे करतो? त्याच्यापुढे अवजारांची यादी ठेवतात. प्रत्येक अवजाराचे नाव, चार ओळींचे वर्णन, आणि भरावयाच्या रकाम्या जागा, एवढेच त्यात असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने जाहीर केलेल्या ‘मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल’ या संकेताची रीत हीच. धनी म्हणतो, “यात्रेचे पान वर घे.” मुनीम वर्णने वाचून अवजार निवडतो. वर्णन संदिग्ध असले, तर निवडही संदिग्ध होणारच.

आता ‘वर घे’ हे दोनच शब्द पाहा. रांगेत आधी आण, असा एक अर्थ. दुसऱ्या नोंदीच्या पोटातून काढून वरच्या पायरीवर ठेव, असा दुसरा. राजेवाडीच्या कालव्यावर मुरलेल्या पाटकऱ्याला ‘वरचे दार उघड’ म्हटले की पुरते, कारण त्याने पाणी वाहताना पाहिलेले असते. परगावचा नवखा माणूस विचारील, कोणते वर? मुनीम तर पुष्कळदा विचारतही नाही. जो अर्थ लागला तो धरून मोकळा होतो. म्हणून पोथीत क्रम आणि पायरी यांची दोन निराळी नावे हवीत. तसेच ‘अर्ज’ नावाच्या दोन नोंदी असू शकतात. तेव्हा नोंद नावाने न धरता तिच्या क्रमांकाने धरावी, आणि तो क्रमांक आधी मेनू वाचून घ्यावा, हेही स्पष्ट लिहावे.

वर्डप्रेस ही संकेतस्थळे चालविणारी सर्वपरिचित प्रणाली २००३ सालची. जानेवारी २०२२ च्या ५.९ या आवृत्तीत मेनूच्या नोंदी दुसऱ्या यंत्राकरवी बदलण्याची वाट तिच्या गाभ्यातच आली. तेथे एक बारकी पण मोठी गोष्ट आहे. लेख पुसला तर तो सामान्यतः टोपलीत जातो व परत काढता येतो. मेनूच्या नोंदीला टोपली नाही. ‘कायमचे काढा’ असे निक्षून सांगितल्यावाचून ती निघत नाही, आणि निघाली की गेलीच. आता उतावळा मुनीम काय करील? नकार मिळताच ‘कायमचे’ हा शब्द घालून पुन्हा हुकूम सोडील. पोथीत म्हणून लिहिले पाहिजे: हा नकार म्हणजे अडथळा नव्हे, येथे थांबून धन्याला विचार.

कोणी म्हणेल, मेनूतली एक ओळ गेली तर काय बिघडले? पान तर शाबूत राहते. खरे आहे, पण वाट बुजते. निराधार अनुदानाचा अर्ज शोधणाऱ्या म्हातारीला ती ओळ हेच दार. दार दिसले नाही तर आत धान्य भरले आहे हे तिने कसे ओळखावे?

वर सांगितलेल्या संकेतात ‘हे अवजार केवळ वाचते’, ‘हे नासधूस करू शकते’ अशा खुणा करता येतात. परंतु त्या केवळ खुणा, कुलूप नव्हे. कुलूप निराळे लावावे: मुनिमाला हवे तेवढेच अधिकार द्यावेत, बदलापूर्वी मेनूची प्रत ठेवावी, बदलानंतर पुन्हा वाचून ताळा करावा. आणि पोथी लांबवू नये. ती मुनिमाला कामाच्या वेळी सबंध वाचावी लागते, आणि पाल्हाळात मुख्य ताकीद हरवते.

मंडळी, आपल्याकडे पुष्कळ शहाणपण माणसांच्या डोक्यात राहिले आणि माणसाबरोबर गेले. ‘नवा येईल तो बघेल’ असे म्हणण्याची सोय आता उरली नाही; नवा आला आहे, आणि लिहिलेले तेवढेच तो बघतो. त्याच्यासाठी स्वच्छ लिहू, तर उद्या त्या खुर्चीवर बसणाऱ्या आपल्याच पोरापोरींनाही ते उपयोगी पडेल. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.