विधी कशासाठी?

(मंडळाच्या गणेशोत्सवात सायंकाळच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आरतीला अजून थोडा अवकाश आहे, तेवढ्यात बोलायचं आहे. मंडळाने विषय दिला आहे, माणसाच्या आयुष्यातलं विधींचं स्थान. सोळा संस्कारांची यादी आम्ही वाचून दाखवणार नाही. घरातलीच एक गोष्ट सांगतो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमचे काका गेले. बडोद्यातले ते दिवस इथे कुणी विसरलेलं नसेल. दवाखान्यातून त्यांना थेट स्मशानात नेलं, घरातले दोघेच जाऊ शकले. दहाव्याला गुरुजी मोबाइलवरून सांगत होते आणि चुलतभाऊ गच्चीवर एकटा पिंड मांडून बसला होता. बेसणंही टेलिफोनवरच झालं. (बेसणं आपण गुजराती शेजाऱ्यांकडून घेतलं, शब्दासकट, आणि आता ते आपलंच झालं आहे.) फोन पुष्कळ आले. पण काकू पुढे वर्षभर रात्री दाराला आतून कडी लावू देत नव्हत्या. विचारलं तर म्हणायच्या, "राहू दे रे."

काका गेले हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण त्यांच्यासमोर काहीच घडलं नव्हतं.

वर्षश्राद्धाला मग आम्ही सगळ्यांना बोलावलं. सांगलीहून आत्या आल्या आणि काकूंच्या गळ्यात पडून वर्षाचं रडणं रडल्या. वडे-खीर झाली. कावळ्यासाठी गच्चीवर पान ठेवलं, तर कावळा कठड्यावर बसून राहिला, पानाला शिवेना. शेवटी चुलतभाऊ हात जोडून मोठ्याने म्हणाला, "बाबा, आईला आम्ही अंतर देणार नाही." थोड्या वेळाने कावळा उतरला. तो कशामुळे उतरला, हा वाद आम्ही घालत नाही; भूक लागली असेल. पण मुलगा ते वाक्य चारचौघांत बोलला आणि जिन्यात उभ्या असलेल्या आईने ते ऐकलं. एरवी घरात कोण कुणाला असं बोलतं? त्या रात्री काकूंनी स्वतः कडी लावली.

एरवी तोंडातून न निघणारं वाक्य साक्षीदारांसमोर बोलायला लावणं, हे विधीचं मोठं काम आहे असं आम्हाला तेव्हापासून वाटतं. सप्तपदी दुसरं काय आहे? आणि प्रत्येकाला काहीतरी करायला देणं हे दुसरं काम. मामा मुलीला बोहल्यावर आणतो, भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. गुजराती घरात मुलगी दिली की सासूबाई जावयाचं नाक ओढतात. आमच्या एका पुतण्याला एकाच दिवशी दोन्हीचा लाभ झाला! आज हॉलची वेळ संपत आली की 'गुरुजी, जरा आवरा' असं सांगतात. वेळ वाचवायचाच तर जेवणातले चार पदार्थ आणि फोटोग्राफरचा एक तास कमी करावा. माणसाच्या हातातलं काम काढून घेतलं, तर तो नुसता पाहुणा उरतो.

मात्र काही चालीरीतींनी माणसांना दूरही ठेवलं आहे. विधवा बाईने शुभकार्यात पुढे यायचं नाही, हे आपण किती वर्षं चालू दिलं! आमच्या घरी नातीच्या केळवणाला ओटी काकूंनीच भरली. एक-दोघी कुजबुजल्या, मग जेवल्या.

अर्थ न कळता केलेल्या विधीचं काय? हा प्रश्न या गावाला नवा नाही. १९१५ साली सयाजीराव महाराजांच्या राज्यात पुरोहितांसाठी कायदाच झाला. धर्मविधी चालवणाऱ्याने परीक्षा दिलेली असावी आणि मंत्रांचा अर्थ यजमानाला त्याच्या भाषेत सांगावा, अशी त्यात अपेक्षा होती. शंभराहून अधिक वर्षं झाली, आणि आपण अजून गुरुजींना अर्थ विचारायला संकोचतो. विचारा. बहुतेक गुरुजींना आनंदच होतो.

अनंत चतुर्दशीच्या उत्तरपूजेला आमच्या गुरुजींनी प्रत्येक टप्प्याला थांबून मराठीत सांगायचं कबूल केलं आहे. मूर्ती जागेवरून किंचित हलवतात तेव्हा नेमकं काय होतं, हे पोरांना त्यांच्याकडूनच ऐकू द्या. दही-पोह्यांची शिदोरी या वेळी मुलांच्या हातून ठेवायची आहे, म्हणून त्यांना वेळेवर आणा. काकू येणार आहेत. आता निरांजनं लावायला घ्या.