संरक्षणाचा अभ्यास: पैसा कोणाचा, प्रश्न कोणाचे?

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरातील भाषण)



रेशन, पाणी, दारूबंदी, हुंडा या प्रश्नांवर बोलताना आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. पण संरक्षण हा शब्द आला की आपल्यातल्या जाणत्या बायकाही गप्प होतात. 'ते तज्ज्ञांचं काम' असं आपल्याला सांगितलं जातं आणि आपण ते मान्य करतो. आज मला या तज्ज्ञांविषयीच बोलायचं आहे. त्यांच्या अभ्यासाला पैसा कोण देतं आणि त्यांचे प्रश्न कोण ठरवतं?

आधी खर्चाचा आकार पाहू. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात संरक्षण मंत्रालयासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये ठेवले गेले. महिला व बालविकास मंत्रालयासाठी सुमारे २६ हजार ९०० कोटी. म्हणजे पंचवीस पट. यावर लगेच विचारलं जातं, 'सीमा सांभाळायच्या नाहीत का?' सांभाळायच्याच. पण अंगणवाडीच्या खाऊचा हिशेब मागणाऱ्या बाईने एवढ्या मोठ्या खर्चाचा हिशेब मागायचा नाही, हे कुठलं लोकशाहीचं तत्त्व?

सरकारच्या पैशावर संरक्षणाचा अभ्यास आपल्याकडे होतोच. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६५ साली दिल्लीत संरक्षण अभ्यास व विश्लेषण संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये तिला मनोहर पर्रीकरांचं नाव देण्यात आलं. ही संस्था कागदोपत्री स्वायत्त आहे, पण तिला पैसा संरक्षण मंत्रालय देतं आणि संरक्षणमंत्रीच तिचे अध्यक्ष असतात. तिथे चांगला अभ्यास होत नाही, असं मी म्हणणार नाही. पण ज्याच्या कारभाराची तपासणी करायची, त्याच्याच हातून पगार घ्यायचा, हा पेच आहेच. प्रकल्पाच्या पैशावर काम केलेल्या आपल्यातल्या प्रत्येकीला तो ठाऊक आहे. देणारा 'हे लिहू नका' असं क्वचितच म्हणतो. आपणच आधी पेन आवरतं घेतो.

दुसऱ्या देशांत काय झालं? कॅनडाच्या संरक्षण खात्याने १९६७ पासून विद्यापीठांतल्या संरक्षण अभ्यासाला अनुदान दिलं. त्यातून अनेक अभ्यास केंद्रं उभी राहिली, विद्यार्थी तयार झाले, वर्तमानपत्रांत चर्चा झाली. पण खात्याच्या पैशावरचे प्राध्यापक खात्याच्याच धोरणाची बाजू मांडतात, अशी टीकाही झाली. २०१२ च्या सुमारास ती योजना बंद झाली. पुढे २०१७ च्या संरक्षण धोरणात अशा कामासाठी वर्षाला ४५ लाख डॉलर देण्याचं ठरलं. त्याच देशात संसदेच्या कायद्याने १९८४ साली शांतता व सुरक्षा यांच्या अभ्यासाची वेगळी संस्था निघाली होती. १९९२ च्या अंदाजपत्रकात काटकसरीचं कारण देऊन ती गुंडाळण्यात आली. म्हणजे नुसता कायदाही पुरत नाही. संस्थेच्या पाठीशी लोक उभे असावे लागतात.

स्वीडनमध्ये १९६६ साली सरकारी अनुदानावर स्टॉकहोमची शांतता संशोधन संस्था सुरू झाली. तिच्या उभारणीत आल्वा मिर्दाल या बाईंचा मोठा वाटा होता. पुढे १९८२ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. कोणता देश शस्त्रांवर किती खर्च करतो, कोण कुणाला शस्त्रं विकतं, याचे त्या संस्थेचे आकडे आज जगभर वापरले जातात. सरकारचा पैसा घेऊनही सरकारांना नको असलेले आकडे छापता येतात, हे यातून दिसतं.

आता आपल्या बाजूचा प्रश्न. जुलै २००४ मध्ये इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर बारा मणिपुरी स्त्रियांनी विवस्त्र होऊन निषेध केला. त्यानंतर केंद्र सरकारने सशस्त्र दलांच्या विशेषाधिकार कायद्याचा विचार करायला न्यायमूर्ती जीवन रेड्डी समिती नेमली. २००५ मध्ये समितीने तो कायदा रद्द करण्याची शिफारस केली. सरकारने अहवाल अधिकृतपणे प्रसिद्ध केला नाही. २००६ मध्ये तो एका वर्तमानपत्राने लोकांपुढे आणला. २०१३ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीनेही सांगितलं की, गणवेशातल्या माणसाने केलेला लैंगिक अत्याचार साध्या फौजदारी कायद्याखाली यावा आणि या विशेष कायद्याचा फेरविचार व्हावा. यावरून कळतं की अभ्यासाला पैसा मिळणं ही निम्मीच गोष्ट आहे. तो अभ्यास लोकांच्या हातात पडतो का, हा उरलेला निम्मा प्रश्न.

काही मैत्रिणी म्हणतात, सरकारी पैसा नकोच. मला हे पटत नाही. सरकारने हात काढून घेतला तर उरतात शस्त्रं विकणाऱ्या कंपन्या आणि बड्या देणगीदार संस्था. त्यांचे प्रश्न आपले असतील असं कुणी समजू नये. सरकारचा पैसा हा आपल्याच कराचा पैसा आहे. साबण, काडेपेटी घेणारी बाई तो भरते. तेव्हा तो मागायचा, पण आपल्या अटींवर.

माझ्या मते अटी चार. पैसा संरक्षण मंत्रालयामार्फत न येता संसदेने मंजूर केलेल्या स्वतंत्र मंडळामार्फत यावा. विषय मंडळाने ठरवावेत आणि मंडळावर निम्म्या स्त्रिया असाव्यात. अहवाल ठरलेल्या मुदतीत, भारतीय भाषांतही, प्रसिद्ध व्हावेत. आणि निधीचा ठराविक वाटा ज्यांना संरक्षण धोरणाची थेट झळ लागते त्यांच्या अभ्यासासाठी असावा. सैनिकांच्या विधवा, छावणीलगतच्या वस्त्यांतल्या बायका, सरावक्षेत्रासाठी जमीन जाईल या धास्तीत राहिलेली राहुरी-पारनेरची गावं, यांच्याकडे संशोधक म्हणून कोण जातं? 'सुरक्षित म्हणजे काय' हे त्यांना विचारल्याशिवाय सुरक्षेची व्याख्या पूर्ण होत नाही.

स्त्रियांना २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सैन्यात कायम नेमणुकीचा हक्क मिळाला. २०२२ मध्ये खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुली दाखल झाल्या. हे स्वागतार्हच आहे. पण बंदूक धरण्याचा हक्क मिळाला, तसा ती कधी आणि कुणावर धरायची या चर्चेत बसण्याचा हक्कही मिळवावा लागेल.

संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती दरवर्षी मंत्रालयाच्या खर्चाच्या मागण्या तपासते आणि तिचे अहवाल सर्वांना वाचता येतात. प्रत्येक गटाने यंदाचा एक अहवाल मिळवावा, एकत्र बसून वाचावा आणि आपले प्रश्न लिहून आपल्या खासदाराला द्यावेत. भाषा अवघड वाटेल. पण सातबारा आणि पोलिसांचा पंचनामा वाचायला आपण शिकलोच ना? हेही शिकू.