कल्हई आणि विजेची तार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘छंद’ या विषयावर बोला, असे मला सांगण्यात आले. भरतकामावर बोलेन अशी अपेक्षा असावी. भरतकाम येणारच आहे, पण जरा लांबच्या वाटेने.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये मेन्लो पार्क नावाचे गाव आहे. तेथे ५ मार्च १९७५ रोजी गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजात ३२ माणसे जमली. निमित्त होते ‘अल्टेअर ८८००’ या, घरी जोडायच्या संगणकाचे. सुटे भाग चारशे डॉलरांच्या आत मिळत. ते जोडून झाल्यावर हाती काय येई? एक पेटी, तिला खटके आणि लुकलुकणारे दिवे. पडदा नाही, अक्षरांच्या कळा नाहीत! हिचे करायचे काय, हे एकट्यादुकट्याला उमगणारे नव्हते, म्हणून त्यांनी चक्क मंडळ काढले. त्याचे नाव ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’.

त्यांच्या सभेची रीत मला फार आवडते. ली फेल्सेनस्टाइन सभा चालवीत. आधी ज्याने त्याने उठून आपल्यापाशी काय आहे आणि आपले काय अडले आहे ते सांगायचे. मग सभा मोडायची, आणि ज्याला ज्याची गरज त्याने त्याला गाठायचे. आपल्याकडे भाषणानंतर चहा होतो आणि ओळखीच्या बायका ओळखीच्यांशीच बोलतात. तक्रार करीत नाही, पण पाहते खरी.

एका सभेत स्टीव्ह डॉम्पिअर यांनी त्या मुक्या पेटीजवळ साधा रेडिओ ठेवला. पेटीमुळे रेडिओत खरखर उठे. तिलाच त्यांनी सुरात बसवून गाणे वाजविले. स्टीव्ह वॉझनिअॅक आपल्या यंत्राचे नकाशे सभेत फुकट वाटीत, जशी आपण भाजणीची कृती देतो तसे. त्याच यंत्रावर १९७६ साली अॅपल कंपनी उभी राहिली. ते मंडळ १९८६ पर्यंत चालले.

मात्र त्या सभांत बायका फारच थोड्या होत्या. आणि आपल्या घरी तरी काय आहे? विजेरी पेटेनाशी झाली की आपण ती मुलाच्या हाती देतो. तो घरी नसेल तर नवी आणतो. का बरे? डाग देणे, ज्याला मुले सोल्डरिंग म्हणतात, ते काही परके काम नाही. कल्हईवाला आठवा. भांडे तापवायचा, नवसागराने घासायचा, मग कथील फिरवायचा. येथेही तेच. धातूवरचा मळ काढायला नवसागराऐवजी राळ, आणि वितळायला कथलाची मिश्र तार. तापवायचा असतो तो जोड. जोड तापला की तार आपण होऊन पसरते. जिला पाकाची तार ओळखता येते तिला हे ओळखता येणार नाही, हे मी मानायला तयार नाही.

आता भरतकाम. लीआ ब्यूकली या अमेरिकन बाईंनी ‘लिलीपॅड’ नावाची फुलासारखी गोल पट्टी तयार केली. ती २००७ साली बाजारात आली. तिला डाग द्यावा लागत नाही. वीज वाहणाऱ्या धाग्याने ती कापडावर शिवायची, की कशिद्यात दिवे लागतात. टाके सैल पडले तर दिवा मिणमिणतो. दोन धागे एकमेकांना चिकटले तर लागतच नाही. टाक्याची पारख आपल्याहून कोणाला अधिक आहे?

कार्यकारिणीत कोणी म्हणाले, “बायकांना हे कशाला?” त्यावर वाद नको; चार बैठका घेऊन पाहू. महिन्यातून एक संध्याकाळ, याच सभागृहात, खिडक्या उघड्या ठेवून, कारण राळेचा धूर होतो. दुरुस्ती फक्त सेलवर चालणाऱ्या वस्तूंची. घरच्या विजेच्या वस्तू तूर्त नकोत. तारेत शिसे असू शकते, म्हणून काम झाल्यावर हात धुवून मगच चहा. सभेची रीत त्या गॅरेजातलीच, म्हणजे प्रत्येकीने उठून आपले काय अडले आहे ते सांगायचे.

नावे कार्यवाहबाईंकडे द्यावीत. येताना बंद पडलेली विजेरी आणावी, सेल मात्र काढून वेगळे ठेवावेत.