सन दोन हजारची जुनी चित्रे



फ्रान्समध्ये १८९९ ते १९१० या काळात झां-मार्क कोते आणि इतर काही चित्रकारांनी लहान लहान कार्डांवर चित्रे काढली. विषय एकच, सन २००० मध्ये जग कसे असेल? त्यांतली निदान ८७ चित्रे आज माहीत आहेत. पंख लावून आग विझवणारे बंबवाले आहेत. विमानातून येऊन सज्जात हातोहात पत्र देणारा पोस्टमन आहे. देवमाशाच्या पोटाखाली टांगलेली प्रवाशांची गाडी आहे. शेतकरी तर एका जागी राहून नुसती कळ फिरवतो आणि शेतातले यंत्र आपले आपण कापणी करते. असे शेत कुणाला नको, सांगा!

शाळेचेही चित्र आहे. गुरुजी जात्यासारख्या यंत्रात पुस्तके टाकताहेत. यंत्रातून निघालेल्या तारा मुलांच्या कानांशी गेल्या आहेत. मुले गप्प बसली आहेत, विद्या परस्पर डोक्यात चालली आहे. पण नीट पाहिलं तर यंत्रापाशी एक पोरगा उभा आहे आणि तो हँडल फिरवतोय. बाकीचे शिकताहेत, हा दळतोय. चित्रकारांना पंख सुचले, तारा सुचल्या, पण या पोराच्या कानाला एक तार लावावी हे काही सुचलं नाही. कापणीची माणसे कुठे गेली, हेही कुणी काढलेले नाही.

आपण हसतो खरे. पण १९५० साली खोडदच्या एखाद्या मुलाने पाटीवर ४५ मीटर रुंदीच्या, तारेच्या जाळीच्या ३० थाळ्या काढल्या असत्या, तर गुरुजींनी त्याचा कान धरला असता. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात त्या खरोखर उभ्या राहिल्या. तुमचा रेडिओ आकाशवाणी ऐकतो, या थाळ्या दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकतात. रेडिओच तो, फक्त कान मोठे.

आणि बिबट्या? तो उसात विणार, फडातच पिल्ले वाढवणार, त्याच्यासाठी माणिकडोहला केंद्र निघणार, हे कुठल्या चित्रकाराला सुचले असते? धरणे झाली, कालव्याचे पाणी खाली आले, ऊस वाढला, उसात बिबट्या राहू लागला. आता त्याच उसाच्या कडेने मुले शाळेत येतात. आणि ज्या आंबेगावच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते जुने गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. ऊस खाली पिकला, घरे वर बुडाली. त्या घरांतल्या माणसांनी आपल्यासाठी हँडल फिरवले, असेच म्हणायला हवे.

म्हणून गुरुजी, बाई, एक करून पाहा. डिंभ्याच्या वरच्या अंगाची एक शाळा आणि नारायणगाव-मंचरकडची एक शाळा, अशी जोडी जमवा. कागदाचा एक लांब पट्टा घ्या. विषय, सन २१०० मधले जुन्नर-आंबेगाव. अर्धा पट्टा वरच्या मुलांनी रंगवावा, अर्धा खालच्यांनी. मध्ये जिथे जोड येईल तिथे दोघांनी मिळून कालवा काढायचा. त्याचे पाणी कोणत्या बाजूला किती दाखवायचे, यावर भांडण होईल. होऊ द्या. तुम्ही लगेच मध्ये पडू नका.

हिरडा वेचणारे यंत्रमानव येतील, शिवनेरीवर पाळणे चढतील, बिबट्या चष्मा लावून पहिलीच्या वर्गात बसेल. काहीही येऊ द्या. अट एकच, प्रत्येक यंत्राजवळ ते चालवणारे माणूस काढायचे, आणि ते कुणाच्या घरचे, हे खाली लिहायचे.

खोडदला २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळांची प्रदर्शने भरत आली आहेत. तिथे नेता आला तर पट्टा जरूर न्या. मागच्या बाजूला तारीख आणि सगळ्या मुलांची नावे घाला. मग गुंडाळून कपाटात ठेवा, आणि डांबराच्या गोळ्या टाकायला विसरू नका. कसर काही २१०० सालापर्यंत थांबायची नाही.