श्रम, मोबदला आणि स्किझोफ्रेनिया
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचे शब्दांकन)



कोथरूडमधील दुकानांत आणि पेढ्यांवर पगार महिनाअखेरीस होतो, हे सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. स्किझोफ्रेनिया झालेला एखादा तरुण औषधोपचाराने सावरतो, आप्तांच्या दुकानात बसू लागतो आणि पंधरवड्याच्या आतच येईनासा होतो. मग आळशी म्हणून त्याची संभावना होते. वास्तविक दोष त्या महिनाअखेरीचाही असू शकतो.

या आजारात हाती आलेल्या सुखाचा आनंद बहुतांशी शाबूत राहतो. क्षीण होते ती पुढे मिळणाऱ्या सुखाची ओढ. उद्याच्या मोठ्या रकमेपेक्षा आजची छोटी रक्कम निवडण्याकडे या व्यक्तींचा कल इतरांहून अधिक असल्याचे अभ्यासांतून दिसले आहे.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, अ‍ॅना येथील शासकीय मनोरुग्णालयात आयलॉन आणि अझ्रिन या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील ४४ स्त्री-रुग्णांना काम केल्याबद्दल बिल्ले मिळत आणि त्यांच्या बदल्यात हवी ती वस्तू वा सवलत घेता येई. सर्वजणी मिळून रोज सुमारे ४५ तास काम होई. पुढे काम न करताही बिल्ले मिळू लागले, तेव्हा काम हळूहळू जवळजवळ थांबले. बिल्ला पुन्हा कामाशी जोडताच ते पूर्ववत झाले. मात्र अशा योजनांत रुग्णाच्या मूलभूत सोयीही बिल्ल्यांना बांधल्या गेल्या, हे निंद्यच होते. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचारसंस्थेतील रुग्णावर कामाची सक्ती करता येत नाही आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा लागतो.

पुणेकरांना हा विषय नवा नाही. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांच्याच पुढाकाराने पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी राहिली आणि २००४ मध्ये 'देवराई' हा चित्रपट आला.

समाजात दानाची परंपरा मोठी आहे. औषधांसाठी दिलेले साहाय्य दानच राहावे; त्याला कामाची अट नको. श्रमाचा पैसा मात्र वेगळा असावा. आरंभी दोन तासांचेच काम द्यावे : माल पुड्यांत भरणे, चिठ्ठ्या चिकटवणे. काम संपताच, त्याच दिवशी, रोख रक्कम द्यावी. तीही वडिलांकडे नव्हे, त्याच्याच हाती. बसलेली घडी पाहून, त्याला विचारूनच, रोजाचा आठवडा करावा.